ड्रायव्हरचा सोर्स कुठल्या डिरेक्टरीत ठेवायचा: बसप्रमाणे, कंपनीप्रमाणे की कामाप्रमाणे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका एआरएम बोर्डसाठी टीमने लिनक्सचे ड्रायव्हर लिहिलेत: पॉवर मॅनेजमेंटची चिप, आयटूसी बसवरचा प्रेशर सेन्सर (बस म्हणजे चिपा जोडणारी तारांची व्यवस्था), इथरनेटचा ग्लू कोड (तयार ड्रायव्हरला आपल्या चिपशी जोडणारा छोटा भाग), एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट हवं तसं बदलता येणाऱ्या चिपमधला एक छोटा ब्लॉक, आणि या सगळ्यांचं मिळून एक भलंमोठं हेडर. हे सगळं ‘ड्रायव्हर्स’च्या खाली कंपनीच्या नावाच्या एकाच फोल्डरमध्ये पडलंय. आता कोड मेनलाइनला, म्हणजे लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, पाठवायचं चाललंय आणि टीममध्ये वाद आहे की फोल्डर बसप्रमाणे पाडायचे, कंपनीप्रमाणे ठेवायचे की कामाप्रमाणे, आणि फायली हलवल्या तर गिटमधला इतिहास जाईल का.

मी बोर्ड ब्रिंगअप (नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करणं) आणि ड्रायव्हरचंच काम करतो, हा वाद बऱ्याच टीममध्ये बघितलाय, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणं नंतर. ड्रायव्हर ज्या फ्रेमवर्ककडे (एका प्रकारच्या उपकरणांसाठीचा कर्नलमधला सामायिक कोड) स्वतःला रजिस्टर करतो त्या फ्रेमवर्कच्या डिरेक्टरीत तो जातो. बस कुठलीही असो, चिप कुणाचीही असो. कुठल्याही ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन, म्हणजे चिप सापडली की चालणारा कोड, उघडा आणि शेवटच्या काही ओळी वाचा. तिथे आयआयओ (सेन्सरचं फ्रेमवर्क) डिव्हाइस रजिस्टर होत असेल तर तो आयआयओत, नेटडेव्ह (नेटवर्क डिव्हाइस) रजिस्टर होत असेल तर नेटमध्ये, रेग्युलेटर (व्होल्टेज पुरवणारा) रजिस्टर होत असेल तर रेग्युलेटरमध्ये, जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुट पिनांची) चिप अ‍ॅड होत असेल तर जीपीआयओत. दहापैकी आठ ड्रायव्हरचा निकाल या एका नजरेत लागतो, उरलेल्या दोघांबद्दल खाली लिहितो.

हे असं का, तर कर्नलमध्ये डिरेक्टरी म्हणजे नुसती फायली ठेवायची जागा नाही, ती मेंटेनरची, म्हणजे त्या भागाचा कोड तपासून घेणाऱ्याची, हद्द आहे. मेंटेनर्स नावाची फाइल बघा, तिच्यात प्रत्येक नोंदीला एफ म्हणून ओळी असतात आणि त्या ओळींत पाथ असतात, गेट-मेंटेनर स्क्रिप्ट तुमच्या पॅचमधले पाथ या ओळींशी जुळवून बघते आणि पॅच कुणाला पाठवायचा ते सांगते. म्हणजे फाइल कुठे ठेवली यावरून ठरतं की तुमचा कोड कोण वाचणार. प्रेशर सेन्सरचा ड्रायव्हर ज्याने शेकडो सेन्सर ड्रायव्हर वाचलेत त्याच्या नजरेखालून गेला तर तो पहिल्यांदा विचारेल की सिसएफएसमधून (कर्नल ज्या फायलींतून माहिती बाहेर देतो) प्रेशर कुठल्या युनिटमध्ये देताय, कारण आयआयओमध्ये प्रेशर किलोपास्कलमध्येच द्यायचं हे ठरलेलं आहे. तोच ड्रायव्हर कंपनीच्या फोल्डरमध्ये राहिला तर कुणीतरी मिलिबार देतो, दुसरा पास्कल देतो, आणि वरचं युजरस्पेसमधलं, म्हणजे कर्नलबाहेरचं, अ‍ॅप प्रत्येक चिपसाठी वेगळं लिहावं लागतं. युनिटचा हा गोंधळ एकदा फील्डमध्ये गेला की परत सुधारता येत नाही, कारण युजरस्पेसला दिलेला इंटरफेस मोडायचा नाही हा कर्नलचा सगळ्यात कडक नियम आहे.

आता तिन्ही पद्धतींचं बघू, कारण लिनक्समध्ये तिन्ही करून झाल्यात.

सगळ्यात जुनी वाटणी युनिक्सकडून आली, ब्लॉक डिव्हाइस (डिस्कसारखे) आणि कॅरेक्टर डिव्हाइस (एकेक बाइट देणारे). १९९१ च्या ०.११ आवृत्तीत ‘कर्नल’ डिरेक्टरीच्या आतच ब्लॉक आणि कॅरेक्टर ड्रायव्हरचे दोन उपफोल्डर होते, बस्स. १९९४ ला १.० आली तोवर ‘ड्रायव्हर्स’ ही वेगळी डिरेक्टरी झाली होती आणि तिच्यात ब्लॉक, कॅर, नेट, स्कझी असे भाग पडले होते. त्यातला कॅर आजही आहे, पण आत काय आहे बघा: रँडम नंबर जनरेटर, मेमरी डिव्हाइस, सुरक्षेची टीपीएम चिप, सर्व्हरवर नजर ठेवणारं आयपीएमआय. यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. टीटीवाय (टर्मिनल) आणि सिरियलचा कोड २०१०-११ मध्ये तिथून आणि जुन्या ‘सिरियल’ फोल्डरमधून काढून ‘टीटीवाय’मध्ये नेला, ग्राफिक्सचा डीआरएम २००८ मध्ये कॅरमधून काढून ‘जीपीयू’खाली नेला. डिव्हाइस नोड कुठल्या प्रकारचा दिसतो यावरून लावलेली वाटणी टिकली नाही, कारण त्या प्रकारावरून कोडबद्दल काहीच कळत नाही.

बसप्रमाणे वाटणीचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ‘आयटूसी’च्या आतली ‘चिप्स’ नावाची डिरेक्टरी. चिप आयटूसीवर आहे ना, मग टाका तिथे, असा हिशोब होता. त्यामुळे तापमानाचे सेन्सर, घड्याळाच्या चिपा, ईईप्रॉम, प्रकाशाचे सेन्सर सगळे एका ठिकाणी आले, आणि ते सगळं बघायचं कुणी तर आयटूसीच्या मेंटेनरने, ज्याला बस कळते पण आरटीसीमध्ये (घड्याळाच्या चिपमध्ये) लीप इयर कसं सांभाळायचं हा त्याचा विषय नाही. मग २००५ च्या सुमारास तापमान-व्होल्टेजवाले एचडब्ल्यूमॉनमध्ये (हार्डवेअरवर नजर ठेवणारं फ्रेमवर्क) गेले, २००६ मध्ये आरटीसीचं स्वतंत्र फ्रेमवर्क आल्यावर घड्याळं तिकडे सरकली, आणि शेवटी रिकामी होत होत ती डिरेक्टरीच काढून टाकली. आज ‘आयटूसी’च्या आत उरलंय ते फक्त आयटूसीचं स्वतःचं काम: बसेस म्हणजे कंट्रोलर, मक्सेस म्हणजे बसच्या फांद्या बदलणारे, आणि अल्गोज म्हणजे बस चालवायच्या पद्धती. कंट्रोलरचा ड्रायव्हर आयटूसी अ‍ॅडॅप्टर म्हणून रजिस्टर होतो म्हणून तो तिथे, आणि त्या बसवर लटकलेली चिप जे काम करते त्या कामाच्या घरी. इथे नवीन लोक हमखास गडबडतात, म्हणून वेगळं लिहिलं.

बसप्रमाणे वाटणी अगदीच चुकीची आहे असं मात्र नाही. मीडियाच्या डिरेक्टरीत २०१२ मध्ये ३.७ च्या वेळी मोठी फेररचना झाली आणि आत पीसीआय, यूएसबी, प्लॅटफॉर्म, आयटूसी असेच भाग पाडले. पण तिथे पहिली पातळी कामाचीच आहे, मीडिया, आणि सगळ्या फोल्डरवर मेंटेनर तेच आहेत, बस ही दुसऱ्या पातळीवर आली. एका फ्रेमवर्कच्या आत कशी वाटणी करायची हे त्या फ्रेमवर्कच्या लोकांनी ठरवावं, आयआयओवाल्यांनी सेन्सरच्या प्रकारावरून केली, प्रेशर, लाइट, एडीसी, आयएमयू, तेही बरोबर आहे.

कंपनीप्रमाणे वाटणी नेटवर्कमध्ये झाली. ‘ड्रायव्हर्स/नेट’मध्ये शेकडो फायली सपाट पडल्या होत्या, २०११ मध्ये त्या ‘इथरनेट’ नावाच्या नव्या डिरेक्टरीखाली उत्पादकांच्या नावाने लावल्या गेल्या, आणि २०१२ च्या जानेवारीत आलेल्या ३.२ मध्ये ते सगळ्यांना दिसलं. वायरलेसमध्ये हेच काही वर्षांनी झालं. हे चाललं कारण परत तेच: नेट हे काम आधी ठरलं आणि कंपनी नंतर, शिवाय नेटवर्क कार्डमध्ये एका कंपनीच्या चार पिढ्यांचा कोड खरोखरच एकमेकांसारखा असतो आणि तो बघणारी टीमही एकच असते. इंटेलच्या डिरेक्टरीत ई१०० एक नुसती सी फाइल आहे, तिच्या शेजारी ई१०००, ई१०००ई, आयजीबी, आयस असे फोल्डर आहेत आणि २०२४ पासून लिबइथ, लिबआयई अशा सामायिक लायब्ररी पण आल्यात.

पण कंपनीचं नाव कसं शिळं होतं तेही तिथेच बघायला मिळतं, आणि तुमच्या इथरनेटच्या ग्लू कोडचा थेट संबंध याच्याशी आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘इथरनेट/एसटीमायक्रो/एसटीएममॅक’ ही डिरेक्टरी उघडा. हा ड्रायव्हर सिनॉप्सिसच्या डिझाइनवेअर मॅकचा (मॅक म्हणजे इथरनेटचा कंट्रोलर ब्लॉक) आहे. सिनॉप्सिस चिप विकत नाही, डिझाइन विकते, आणि पहिला ड्रायव्हर एसटीच्या लोकांनी लिहिला म्हणून तो एसटीच्या नावाखाली गेला. आता त्याच फोल्डरमध्ये रॉकचिपची फाइल आहे, ऑलविनरची आहे, अ‍ॅमलॉजिकची आहे, इंटेलचीसुद्धा आहे, आणि यातल्या कुणाचाही एसटीशी संबंध नाही. याउलट यूएसबीमध्ये डीडब्ल्यूसी३ नावाची डिरेक्टरी आहे, ते नाव डिझाइनचं आहे, तिच्यात क्वालकॉमचा ग्लू, टीआयचा ग्लू, एसटीचा ग्लू गुण्यागोविंदाने नांदतात. पीसीआयमध्ये पण ‘कंट्रोलर/डीडब्ल्यूसी’ असंच आहे. जुन्या ८३९० चिपचं घ्या, एनई२००० कार्डं किती जणांनी बनवली असतील, त्यामुळे ‘इथरनेट’खाली जवळजवळ सगळे कंपनीचे फोल्डर असताना ८३९० हा फोल्डर मात्र चिपच्या नावाने आहे. तर तुमच्या एसओसीमध्ये (प्रोसेसर आणि बाकीचे ब्लॉक एकत्र असलेल्या चिपमध्ये) डिझाइनवेअरचाच मॅक असेल, आणि हल्लीच्या एआरएम एसओसीमध्ये बऱ्याचदा असतो, तर तुमचा ग्लू एसटीएममॅकच्या फोल्डरमध्येच जाणार, डीडब्ल्यूमॅक-अमुक अशा नावाने, इतरांच्या शेजारी. कंपनीच्या नावाचा वेगळा इथरनेट फोल्डर काढून त्यात एसटीएममॅकच्या कोडची कॉपी ठेवली असेल, तर ती पहिल्याच रिव्ह्यूत परत येईल आणि यायलाच हवी.

कंपनीच्या नावाने सरसकट सगळं एकत्र ठेवलं की काय होतं याचा मोठा धडा एआरएमनेच दिलाय. ‘आर्च/आर्म’च्या खाली प्रत्येक एसओसी कंपनीची मॅक-अमुक (इथे मॅक म्हणजे मशीन, इथरनेटचा मॅक नाही) अशी डिरेक्टरी होती आणि त्या प्रत्येकीत स्वतःचा क्लॉकचा कोड, स्वतःचा जीपीआयओ, स्वतःचं पिन मक्सिंग, स्वतःचा इंटरप्ट कंट्रोलर. जवळजवळ सारखाच कोड प्रत्येकाने वेगळा लिहिलेला, आणि कुणालाच दुसऱ्याचा दिसत नव्हता कारण जो तो आपापल्या फोल्डरमध्ये. २०११ मध्ये लिनस टॉरवल्ड्सने यावर जाहीरपणे चांगलाच आवाज चढवला. त्यानंतर हा कोड हळूहळू क्लॉक, पिनकंट्रोल, इर्कचिप अशा कामाच्या डिरेक्टऱ्यांमध्ये आला आणि बोर्डची माहिती डिव्हाइस ट्रीत (हार्डवेअरचं वर्णन करणारी वेगळी फाइल) गेली. शेजारीशेजारी ठेवल्यावर लगेच दिसलं की दहा जण एकच गोष्ट करतायत, मग सामायिक कोड फ्रेमवर्कमध्ये गेला आणि ड्रायव्हर बारीक झाले. तुमचा फोल्डर म्हणजे त्या जुन्या मॅक डिरेक्टरीचीच लहान आवृत्ती आहे. माझं स्पष्ट मत आहे की मेनलाइनला पाठवायचं नसलं तरी तो फोडावा, कारण पुढच्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) कर्नलवर जाताना आयआयओचा एपीआय बदलला तर आयआयओच्या फोल्डरमध्ये बघणाऱ्याला तुमची फाइल दिसते, कंपनीच्या फोल्डरमध्ये ती बिल्ड फुटल्यावरच दिसते.

आता तुमची पॉवर मॅनेजमेंटची चिप, म्हणजे पीएमआयसी. इथे रजिस्टरवाला नियम लावला की लोक अडकतात, कारण एकच चिप रेग्युलेटर देते, आरटीसी देते, दोन-चार जीपीआयओ देते. उत्तर म्हणजे एमएफडी, अनेक कामं करणाऱ्या चिपसाठीची डिरेक्टरी. टीआयची टीपीएस६५९१० ही चिप घ्या, तिचा कोड कसा पसरलाय बघा. मूळ फाइल ‘एमएफडी’मध्ये, तिचं काम एवढंच की आयटूसीवर चिप ओळखायची, रेगमॅप (रजिस्टर वाचायची-लिहायची सामायिक सोय) आणि इंटरप्ट उभे करायचे आणि मुलं, म्हणजे प्रत्येक कामाचं वेगळं डिव्हाइस, जन्माला घालायची. मग रेग्युलेटर डिरेक्टरीत टीपीएस६५९१०-रेग्युलेटर, जीपीआयओत जीपीआयओ-टीपीएस६५९१०, आरटीसीत आरटीसी-टीपीएस६५९१०, आणि रजिस्टरचे पत्ते सगळ्यांना लागतात म्हणून हेडर ‘इन्क्लूड/लिनक्स/एमएफडी’मध्ये. एका चिपचे चार तुकडे चार घरी. पहिल्यांदा बघताना हे विस्कळीत वाटतं, टीममधले लोक म्हणतात आमची चिप एका जागी दिसत नाही. पण आरटीसीच्या तुकड्याला आरटीसी कळणारा माणूस मिळतो, आणि पुढच्या वर्षी कंपनीने तोच आरटीसी ब्लॉक दुसऱ्या पीएमआयसीत वापरला तर तो तुकडा तसाच उचलता येतो. एमएफडीच्या फाइलमध्ये मात्र रेग्युलेटरचं टेबल वगैरे घुसडू नका. तिथला मेंटेनर हे लगेच पकडतो.

प्रेशर सेन्सरसाठी ‘आयआयओ/प्रेशर’मधला बॉशचा बीएमपी२८० समोर ठेवा, एकाच ड्रायव्हरच्या आत फायली कशा पाडायच्या याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही. बीएमपी२८०-कोअरमध्ये कॅलिब्रेशनचं गणित आणि आयआयओचे चॅनेल, बीएमपी२८०-रेगमॅपमध्ये कुठलं रजिस्टर वाचता येतं, कुठलं लिहिता येतं त्याची माहिती, आणि मग बीएमपी२८०-आयटूसी आणि बीएमपी२८०-एसपीआय (एसपीआय ही दुसरी बस) या दोन छोट्या फायली ज्या फक्त बसवर चिप शोधून, रेगमॅप बनवून, कोअरचा कॉमन प्रोब बोलावतात. कोअर आणि रेगमॅप मिळून एक मॉड्यूल, आयटूसीचं वेगळं, एसपीआयचं वेगळं, आणि कोअरमधले सिम्बॉल स्वतःच्या नेमस्पेसमध्ये एक्स्पोर्ट केलेत म्हणजे दुसरं कुणी चुकून वापरू नये. केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायची यादी) युजरला एकच पर्याय दिसतो, कर्नलमध्ये आयटूसी असेल तर आयटूसीचा तुकडा आपोआप निवडला जातो, एसपीआय असेल तर एसपीआयचा. याच ड्रायव्हरमध्ये बीएमई२८० पण आहे, जी आर्द्रतापण मोजते, तरी ड्रायव्हर प्रेशरमध्येच आहे. चिप तीन गोष्टी मोजत असेल तर मुख्य काम कुठलं ते धरा आणि पुढे चला, त्यावर आठवडाभर वाद नको.

बस आणि चिप वेगळी करायची ही कल्पना फक्त लिनक्सची नाही. नेटबीएसडीमध्ये तर ती डिरेक्टरीतच कोरलेली आहे: ‘सिस/डेव्ह/आयसी’ या जागी बसशी संबंध नसलेला चिपचा कोड, उदाहरणार्थ एनई२०००चा, आणि मग ‘डेव्ह/पीसीआय’, ‘डेव्ह/आयसा’, ‘डेव्ह/पीसीएमसीआयए’ यांत त्याच कार्डाची छोटी जोडणी फाइल. तिकडे बस ही पहिली पातळी आहे आणि तरी ते चालतं, कारण खरा कोड आयसीमध्ये एकदाच लिहिलाय आणि बीएसडीची टीम एकाच झाडाची राखण करते, लिनक्ससारखे प्रत्येक फ्रेमवर्कचे वेगळे मेंटेनर आणि वेगळी गिट ट्री नाहीत. फ्रीबीएसडीने तर बस वगैरे भानगडच ठेवली नाही, ‘सिस/डेव्ह’खाली बहुतेक प्रत्येक ड्रायव्हरचा एक फोल्डर, जवळजवळ सपाट, आणि मॉड्यूलच्या मेकफाइली ‘सिस/मॉड्यूल्स’मध्ये वेगळ्या. म्हणून कुणी म्हणालं की अमुक सिस्टिममध्ये असं करतात मग आपण का नाही, तर आधी तिथे रिव्ह्यू कोण करतं ते विचारा.

उरलेल्या दोघांपैकी पीएमआयसी झाली, आता दुसरा. एफपीजीएमधला ब्लॉक कुठल्याच फ्रेमवर्कमध्ये बसत नाही असं तुम्ही म्हणाल, पण आधी तो खरंच काय करतो ते एका वाक्यात लिहून बघा. पल्स मोजत असेल तर ‘काउंटर’ नावाचं फ्रेमवर्क आहे, पीडब्ल्यूएम देत असेल तर पीडब्ल्यूएम, सॅम्पल गोळा करत असेल तर आयआयओ. खरंच काही सापडलं नाही तर ‘मिस्क’. मिस्क ही काही वाईट जागा नाही, कितीतरी चांगले ड्रायव्हर तिथे वाढून नंतर बाहेर पडले, एआय अ‍ॅक्सिलरेटरचा हबानालॅब्स तिथेच होता आणि ‘अ‍ॅक्सेल’ सबसिस्टिम उभी राहिल्यावर २०२३ मध्ये तिकडे गेला. पण मिस्कमध्ये पाठवताना कव्हर लेटरमध्ये लिहा की कुठलं फ्रेमवर्क बघितलं आणि ते का बसलं नाही, कारण पहिला प्रश्न तोच येणार. ‘एसओसी’ डिरेक्टरी कंपनीच्या नावाने लावलेली दिसते म्हणून तिथे टाकायचा मोह होतो, पण तिथे एसओसीची अंतर्गत कामं असतात, आणि तिथलंसुद्धा जे फ्रेमवर्कमध्ये बसतं ते बाहेर काढतायत, पॉवर डोमेनचा कोड २०२३ मध्ये ‘पीएमडोमेन’मध्ये नेला. आणि ‘स्टेजिंग’चा विचार करू नका. २००८ मध्ये २.६.२८ बरोबर ती डिरेक्टरी आली ती अजून तयार नसलेल्या कोडसाठी, प्रत्येकाला टूडू (राहिलेल्या कामांची) फाइल लागते, मॉड्यूल लोड केलं की कर्नल टेंट होतो, म्हणजे त्यावर शंकेचा शिक्का बसतो. चांगला लिहिलेला छोटा ड्रायव्हर थेट योग्य जागी पाठवणं जास्त सोपं असतं.

ते मोठं हेडर फोडाच. नियम साधा आहे: एकच सी फाइल वापरत असेल तर हेडर नको, व्याख्या सी फाइलमध्येच टाका. एकाच फोल्डरमधल्या दोन-तीन फायली वापरत असतील तर त्याच फोल्डरमध्ये शेजारी, बीएमपी२८०चं हेडर तसंच आहे. दोन सबसिस्टिम वापरत असतील तरच ‘इन्क्लूड/लिनक्स’खाली. युजरस्पेसला लागणारं ‘यूएपीआय’त, आणि तिथे टाकलेली प्रत्येक ओळ कायमची असते, म्हणून शंका असेल तर टाकू नका. डिव्हाइस ट्रीला लागणारे आकडे ‘डीटी-बाइंडिंग्ज’मध्ये.

केबिल्डचे (कर्नलच्या बिल्ड सिस्टिमचे) काही खड्डे सांगतो, कारण फायली हलवताना लोक यातच पडतात. मेकफाइलमध्ये उपफोल्डरमध्ये उतरायची ओळ कॉन्फिगच्या व्हेरिएबलवर लटकवलेली असते, आणि तो कॉन्फिग एम (मॉड्यूल) झाला तर केबिल्ड त्या फोल्डरमध्ये उतरतो खरा पण आतलं ऑब्ज-वायवालं (कर्नलमध्येच जोडायचं) काहीच व्हीएमलिनक्समध्ये (मुख्य कर्नल फाइलमध्ये) जोडलं जात नाही, एररपण येत नाही, ड्रायव्हर नुसता गायब. म्हणून फोल्डरसाठी फक्त हो-नाहीवाला कॉन्फिग ठेवा किंवा सरळ ऑब्ज-वाय लिहा आणि निवड आतल्या फायलींवर सोडा. इथरनेटमध्ये नेट-व्हेंडर-अमुक असे कॉन्फिग तसेच आहेत, हो-नाहीवाले आणि मुद्दाम डिफॉल्ट हो, म्हणजे फेररचना झाली तेव्हा कुणाच्या जुन्या डीफकॉन्फिगमधलं (साठवलेल्या निवडीतलं) कार्ड बंद पडलं नाही. तुमच्या स्वतःच्या ड्रायव्हरला मात्र डिफॉल्ट हो देऊ नका. सिलेक्ट जपून वापरा, ते समोरच्या कॉन्फिगच्या डिपेंड्सकडे (अटींकडे) बघतच नाही. आणि एसओसीवर डिपेंड्स लिहिताना शेजारी कंपाइल-टेस्टचा पर्याय द्या, म्हणजे टेस्ट करणारे बॉट एक्स८६ वरपण तुमची फाइल बिल्ड करून बघतात, फुकटात तपासणी होते.

नावांचं पण लक्षात ठेवा. फाइलचं नाव म्हणजे बहुतेक वेळा मॉड्यूलचं नाव, आणि मॉड्यूलची नावं सगळ्या कर्नलमध्ये एकच असायला लागतात, फोल्डर वेगळा असून उपयोग नाही, डॅश आणि अंडरस्कोअरपण तिथे सारखेच धरतात. म्हणून जीपीआयओमध्ये सगळ्यांच्या आधी जीपीआयओ लागतं, आरटीसीत आरटीसी. कंपनीच्या फोल्डरमध्ये नुसत्या कोअर किंवा आरटीसी नावाच्या फायली असतील तर हलवतानाच बदला.

बिल्ट-इन ड्रायव्हरचा क्रमपण मेकफाइलमधल्या क्रमावर अवलंबून असतो. ‘ड्रायव्हर्स’च्या मुख्य मेकफाइलमध्ये टिपणंच आहेत की जीपीआयओ हे पिनकंट्रोलनंतर यायला हवं आणि टीटीवाय हे कॅरच्या आधी. एकाच इनिटकॉल पातळीवरचे (कर्नल सुरू होतानाच्या एकाच पायरीवरचे) ड्रायव्हर लिंक झाले त्या क्रमाने उठतात, त्यामुळे तुमचा फोल्डर फोडल्यावर आधी बरोबर चालणारा रेग्युलेटर आता सेन्सरनंतर उठेल असं होऊ शकतं. प्रोब डिफर (लागणारी गोष्ट अजून आली नाही, नंतर परत बोलवा असं सांगणारा एरर) नीट परत करत असाल तर काही बिघडत नाही, नसाल तर याच वेळी कळेल. मॉड्यूलचा पाथपण बदलतो, ‘लिब/मॉड्यूल्स’खाली सोर्सचंच झाड उमटतं, म्हणून इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीच्या फाइलसिस्टिमच्या) किंवा पॅकेजिंगच्या स्क्रिप्टमध्ये कुणी जुना पाथ लिहून ठेवलाय का ते ग्रेप करून बघा.

इतिहासाबद्दल. मेनलाइनपुरतं बोलायचं तर तुमचा आतला इतिहास तिकडे जातच नाही, तिकडे नवीन ड्रायव्हरचे स्वच्छ पॅच जातात. राहिला प्रश्न आतल्या ट्रीचा, तर गिट रिनेम साठवत नाही, दोन फायलींतलं साम्य बघून ओळखतं, साधारण ५० टक्के साम्य असेल तर. म्हणून हलवायचा पॅच फक्त हलवायचा ठेवा, त्यात मेकफाइल, केकॉन्फिग, इन्क्लूडची ओळ आणि मेंटेनर्समधला पाथ एवढंच बदला, इंडेंटेशनसुद्धा नको. फोडणं, नावं बदलणं, सफाई पुढच्या पॅचमध्ये. मग गिट लॉग फॉलोने मागे जाता येतं आणि ब्लेमपण जुने लेखक दाखवतो. प्रत्येक पॅचनंतर बिल्ड झालंच पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणाऱ्याचे (बिघाड कुठल्या पॅचने आला ते शोधणाऱ्याचे) हाल. फील्डमध्ये जुना कर्नल चालू असेल तर पुढचे बगफिक्स तिकडे नेताना पाथ जुळणार नाहीत, म्हणून हे काम रिलीजच्या तोंडावर करू नका, नवीन एलटीएसवर उडी मारताय तेव्हाच करा.

पाठवायची सुरुवात प्रेशर सेन्सरपासून करा. तो एकाच सबसिस्टिमपुरता आहे, बाइंडिंगचा (डिव्हाइस ट्रीत चिप कशी लिहायची याचा) यामल पॅच पहिला, ड्रायव्हर दुसरा, मेंटेनर्सची नोंद त्याच सिरीजमध्ये. पीएमआयसी नंतर घ्या, कारण ती सिरीज एमएफडी, रेग्युलेटर, आरटीसी, जीपीआयओ अशा चार जणांकडे जाते, मुलांचे पॅच एमएफडीच्या हेडरवर अवलंबून असतात, आणि अशा वेळी एमएफडीचा मेंटेनर बहुतेकदा एक न बदलणारी ब्रँच काढून बाकीच्यांना ओढायला देतो, त्याला थोडा वेळ लागतो. इथरनेटचा ग्लू नेट-नेक्स्ट या नेटवर्कच्या गिट ट्रीला, मर्ज विंडो (लिनस नवं काम घेतो तो काळ) उघडी असताना नाही, तेव्हा ती ट्री बंद असते. एफपीजीएचा ब्लॉक सगळ्यात शेवटी ठेवा, आणि पाठवण्याआधी तो काय करतो ते इथे लिहा, काउंटरमध्ये बसतो का ते बघून सांगतो.